खाणीच्या वळणाची तिसरी फेरी

ओळखीचे सगळे त्याला 'दहापैकी' म्हणत, आणि हे नाव त्याने आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं. मोटारींच्या एका मासिकात बावीस वर्षं गाड्यांना दहापैकी गुण देता देता ती खोड घरात शिरली. सकाळचा चहा सात. शर्टाची इस्त्री पाच. शेजाऱ्याचं गाणं दोन, आणि तेही तो मध्ये श्वास घ्यायला थांबतो म्हणून. बायकोने एकदा विचारलं होतं, "आणि मी?" त्यावर या शहाण्याने "चाचणी अजून चालू आहे" असं उत्तर दिलं आणि पुढचे दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला. त्या चहाला त्याने तीन दिले.

तर असा हा हसरा, बडबड्या माणूस गेले अकरा महिने आतून भीतीने पोखरला गेला होता, आणि घरात किंवा कचेरीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती.

आधी त्याचं काम सांगायला हवं, कारण भीती त्या कामातूनच आली. श्रीमंतांच्या गाड्यांवर लिहायला मासिकात दुसरे लोक होते. याच्याकडे स्वस्तातल्या स्पोर्ट्स गाड्या. ज्यांना पगारातूनच गाडी घ्यायची आहे, पण ती चालवताना पोटात गुदगुल्याही व्हायला हव्या आहेत, अशा लोकांसाठी तो लिही. दर महिन्याला तीन गाड्या समोरासमोर आणि दोन रकाने: 'पैसे वसूल' आणि 'चालवण्याची मजा'. या दोन रकान्यांचं नवरा-बायकोसारखं असतं, असं तो म्हणे. एकाचं फार कौतुक झालं की दुसरा तोंड फुगवून बसतो.

लोक त्याच्या पानावर डोळे मिटून विश्वास ठेवत, त्याला कारण होतं खाणीचं वळण. शहराबाहेरच्या डोंगररस्त्यावर दगडांची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. रस्ता तिच्या काठाने लांबलचक वळण घेतो. आतल्या बाजूला कापलेला कातळ, बाहेरच्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसती पोकळी. प्रत्येक गाडी तो या वळणावरून तीनदा नेई. पहिली फेरी पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालेल्या माणसाच्या वेगाने. दुसरी, पाहुण्यांची गाडी चुकेल असं लक्षात आलेल्या माणसाच्या वेगाने. आणि तिसरी म्हणजे तोच वेग ठेवून वळणाच्या ऐन मध्यावर करकचून ब्रेक दाबायचा, समोर अचानक कुणी आडवं आल्यावर माणूस दाबतो तसा. चांगली गाडी नाक खाली घालून गुमान थांबते. वाईट गाडीची शेपटी सुटते, म्हणजे मागची चाकं घसरून गाडी फिरते.

तिसऱ्या फेरीचा आणखी एक नियम होता. कंपन्या मासिकाकडे कायम टॉप मॉडेल पाठवतात, अंगभर दागिने घातलेलं. लोक घेतात बेस मॉडेल, सगळ्यात साधं. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या तो पाठवलेल्या गाडीत मारी, पण तिसरीसाठी शोरूममधून बेस मॉडेल मागून आणी. "जिची किंमत छापायची, जीव तिच्यातच घालायचा," असं तो नव्या लोकांना ऐकवी. आणि दर महिन्याला पानाच्या तळाशी त्याचं ठरलेलं वाक्य येई: 'तिसरी फेरी मी मारली आहे. तुम्ही मारू नका.'

या फेरीला एक माणूस लागतो. वळणाच्या तोंडाशी उभं राहून दोन्हीकडचा रस्ता बघायचा, आणि तो मोकळा असला की कापड हलवायचं. हे काम बावीस वर्षं त्याच्या बायकोने केलं. ती पडदे शिवते. दुकानात दोन यंत्रं, हाताखाली एक बाई. पडद्याच्या उरलेल्या लाल कापडाचा एक हातभर तुकडा, कडांना टीप घातलेला, हे तिचं निशाण. कठड्यालगत मैलाचा एक दगड आहे, त्याच्यामागे ती उभी राही. तिथून तिला सगळं दिसे, आणि त्याला ती दिसे.

अकरा महिन्यांपूर्वी एका करड्या गाडीची शेपटी सुटली.

शेपट्या याआधीही सुटल्या होत्या. तो त्या आवरत असे, त्याचाच तर पगार होता. ही आवरली नाही. गाडी गर्रकन फिरली आणि मागच्या बाजूने घसरत कठड्याकडे निघाली. त्याच्या हातात स्टिअरिंग होतं, पण त्या स्टिअरिंगचा आता कशाशीच संबंध नव्हता. त्याचं लक्ष आरशाकडे गेलं. आरशात लाल रंग होता, आणि तो मोठा होत होता. आधी रुमालाएवढा, मग उशीएवढा, मग आरसाभर. त्याने डोळे मिटले. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं, आणि मागे खाणीत खडी घरंगळत गेल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

तो उतरला तेव्हा गाडीची शेपटी आणि मैलाचा दगड यांच्यात एका विताचं अंतर होतं. दगडामागे ती उभी होती. तिने कापडाची नीट चौकोनी घडी केली, येऊन शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "घरात दूध नाहीये. वाटेत घ्या."

त्यानंतर दोघांनी या गोष्टीचा उच्चारही केला नाही. नवरा-बायकोत जी अळीमिळी गुपचिळी असते, तिला कुणाचीही साक्ष लागत नाही. पुढच्या महिन्यात त्याने सांगितलं, "मासिकाने आता एक बंदिस्त ट्रॅक घेतलाय. तुला यायला नको." ती म्हणाली, "बरं." आणि तिने ते कापड शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिलं.

ट्रॅक कुठला नि काय कुठलं! त्या दिवसापासून त्याने तिसरी फेरी मारलीच नव्हती. सुरुवातीला त्याने खरंच प्रयत्न केला होता. एकदा वळणापर्यंत गेलाही. तोंडाला कोरड पडली, तळहात स्टिअरिंगला चिकटले, शेजारून गेलेल्या एका गाडीचे मागचे लाल दिवे आरशात चमकले आणि त्याने गाडी परत फिरवली. मग त्याने सोपा मार्ग धरला. टायर किती रुंद, वजन पुढे किती नि मागे किती, कंपनीचे आकडे काय म्हणतात, हे सगळं मांडून तिसऱ्या फेरीचे गुण तो टेबलाशी बसून देऊ लागला. बावीस वर्षांच्या अनुभवाने अंदाज बरोबर येतो, अशी तो मनाची समजूत घाली. पण याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, हे त्यालाही ठाऊक होतं. अकरा महिने, तेहतीस गाड्या. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ते वाक्य तसंच.

कुणाला कळलं नाही. कौतुकाची पत्रं येत राहिली. प्रत्येक पत्र उघडताना त्याला वाटे, की यात कुणाच्या तरी मरणाची बातमी असेल. चोराच्या मनात चांदणं! कुणी लिहिलेलं असे, 'तुमच्यामुळे मुलाला गाडी घेऊन दिली,' आणि तो ते पत्र उलटं करून ठेवी.

मंगळवारी संध्याकाळी त्याची लेक घरात शिरली ती मासिकाची गुंडाळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावूनच.

लेक दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते. केसाच्या जाडीएवढा फरक तिला चालत नाही. लॅब डोंगरापलीकडे, त्यामुळे रोज बसने जा-ये. बाबाचं पान ती शाळेत असल्यापासून जपून ठेवते. मैत्रिणींच्या भिंतींवर नटांची चित्रं असत तेव्हा हिच्या भिंतीवर गुणांचे तक्ते होते.

"बाबा, बुक केली," ती म्हणाली. "पिवळी! शनिवारी ताब्यात मिळणार."

दहापैकीच्या हातातला कप बशीत वाजला.

पिवळी म्हणजे गेल्या महिन्याच्या तुलनेतली पहिली. तीन गाड्या होत्या. पांढरी दोन सीटची, उघड्या छपराची. निळी म्हणजे चार दारांची घरगुती गाडी तालमीत पाठवून आणल्यासारखी, दंड फुगवलेली. आणि ही पिवळी: लहानशी, हलकी, स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं की वळणारी, आणि तिघींत स्वस्त. पहिल्या दोन फेऱ्यांत तिने त्याला इतक्या महिन्यांनी हसवलं होतं. भीती विसरून तो चक्क शीळ घालत घरी आला होता. त्या शिळेच्या भरात त्याने मजेला नऊ दिले आणि पैसे वसूलला नऊ दिले.

"पांढरी बघ ना एकदा," तो म्हणाला.

"तूच लिहिलंयस," लेकीने पान उघडून वाचलं, "'पांढरीत मजा दहा, पण डिकीत एक बॅग मावते, तीही रुसून. संसार असेल तर नको, प्रेमात असाल तर घ्या.' मी प्रेमात नाहीये."

"मग निळी. दणकट आहे."

"'निळीचं नाक जड. सरळ रस्त्यावर वाघ, वळणावर मांजर.' हेही तुझंच."

"पिवळा रंग लवकर मळतो गं."

"बाबा, काय झालंय तुला? नऊ आणि नऊ दिलेस. एवढे तर तू आईच्या चहालाही देत नाहीस."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो उगाच पान चाळत बसला, आणि तेवढ्यात लेक सहज बोलून गेली, "बेसच घेतेय. किंमत तू त्याचीच छापलीस ना?"

आणि तिथे त्याची पाचावर धारण बसली. किंमत त्याने बेस मॉडेलची छापली होती. मजा मोजली होती टॉप मॉडेलची. टॉपला रुंद टायर होते आणि घसरणारं चाक आपोआप सावरणारी यंत्रणा होती. बेसमध्ये टायर अरुंद, आणि ती यंत्रणा किंमत उतरवण्यासाठी काढून टाकलेली. हे दोन रकाने दोन वेगळ्या गाड्यांचे होते. जगात कुठेही न मिळणारी एक गाडी त्याने कागदावर तयार करून तिला पहिला नंबर दिला होता. पूर्वी ही चूक होणंच शक्य नव्हतं, कारण तिसऱ्या फेरीला तो बेसमध्ये बसतच असे. गेले अकरा महिने तो कुठल्याच बेस मॉडेलमध्ये बसला नव्हता.

"रोज त्याच रस्त्याने जाणार," लेक आईला सांगत होती. "तुमच्या खाणीच्या वळणावरून. बसला पाऊण तास लागतो, मी वीस मिनिटांत पोहोचेन."

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे सांगायला पंडित नको. पण लेक त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत तो अजून बावीस वर्षं फेऱ्या मारणारा दहापैकी होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने ती उघडली नाही. मनात ठरवलं, शनिवारच्या आत आपणच गुपचूप बेस मॉडेल आणू, तिसरी फेरी मारू. गाडी टिकली तर प्रश्नच मिटला. नाही टिकली तर काहीतरी सांगू. बुधवार त्याने डोकं दुखतंय म्हणून घालवला.

गुरुवारी तो शोरूममध्ये गेला. सेल्समनने त्याला पाहिलं आणि खुर्चीवरून उठून हात जोडले. "साहेब, तुमच्या पानामुळे सात पिवळ्या गेल्या! सातही बेस. डेमोची गाडी ना? केव्हाही न्या."

सात. तो आकडा घेऊन दहापैकी घरी आला आणि रात्रभर कूस बदलत राहिला. कुठल्या सात घरांपुढे त्या उभ्या असतील? त्यांतल्या कितीजणांच्या रस्त्यात वळणं असतील? स्वतःच्या लेकीवर आलं तेव्हा आपल्याला जाग आली, याची त्याला इतकी लाज वाटली की उशीत तोंड खुपसून तो पडून राहिला.

शुक्रवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात आहे असं बघून त्याने शिवणयंत्राचा खण हळूच उघडला. कापड घ्यायला नव्हे, नुसतं बघायला. खण रिकामा होता. तो मागे वळला तर बायको दारात उभी, पायांत बूट, हातात लाल घडी.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"मंगळवारी कप वाजला तेव्हापासून वाट बघतेय. दोन दिवस मी तुम्हाला दिले. आता चला."

डेमोची पिवळी शोरूममधून घेतली तेव्हा साडेनऊ झाले होते. लख्ख ऊन, कोरडा रस्ता, रहदारी तुरळक. भीती वाटावी असं बाहेर काहीच नव्हतं, आणि त्याचे दात वाजत होते.

वळणापाशी बायको उतरली, पण मैलाच्या दगडाकडे गेली नाही. आतल्या बाजूच्या कातळाला खाणकामगारांनी खोदलेल्या जुन्या पायऱ्या आहेत, त्या धरत धरत ती वर चढली. दोन पुरुष उंचीवर जाऊन उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "इथून दोन्हीकडचं जास्तच दिसतंय की! बावीस वर्षं उगाच खाली उभी राहिले."

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. दुसरीत तो तळहात पँटला पुसत होता, पण झाली. मग तो खाली जाऊन वळला, तिसरीसाठी. वर कापड हललं. त्याने वेग घेतला, वळणात शिरला, मध्य आला, पाय ब्रेककडे गेला आणि हवेतच राहिला. गाडी सरळ पलीकडे निघून गेली. पुन्हा आला. कापड हललं. पाय पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा तर वळणाआधीच त्याने वेग सोडला, आणि कडेला गाडी लावून स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

ती कातळावरून उतरून आली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी असल्या पायऱ्या उतरायला वेळ लागतो. तोवर तो तसाच बसून होता. ती शेजारच्या सीटवर बसली.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. बावीस वर्षांत हे वाक्य त्याने गाडीत कधी उच्चारलं नव्हतं. "तू दिसतेस मला. आरशात. ब्रेकला पाय लावायला गेलो की तू मोठी मोठी होत येतेस. अगं, ट्रॅक वगैरे काही नाहीये. मी अकरा महिने—"

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"ट्रॅकवरून आलेल्या माणसाच्या बुटांना कधी धूळ नसते का? पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कापडाची घडी मांडीवर उलगडली, पुन्हा घातली. "कारण मला बरं वाटलं. तुम्ही खोटं बोलत होतात, पण संध्याकाळी धड अंगाने घरी येत होतात. मी म्हटलं, असू दे खोटं. मलाही काय कमी भीती वाटते? दुकानात लाल कापड आलं की मी ते त्या बाईकडे सरकवते. पण मंगळवारी पोरगी म्हणाली, रोज याच वळणावरून जाणार. तेव्हा वाटलं, आपण दोघांनी आपली भीती तिच्या ताटात वाढून ठेवलीय."

तो रडला. थोडासाच, पण रडला. मग नाक पुसून म्हणाला, "तू वर उभी राहा. अगदी वर. आणि मला दिसशील अशी राहा. आरशात नको, समोर."

"समोरच आहे मी," ती म्हणाली आणि पुन्हा त्या पायऱ्यांकडे निघाली.

कापड हललं. त्याने वेग घेतला. वळणात शिरताना तो मोठ्याने काहीतरी बोलत होता. काय, ते त्याला नंतर आठवलं नाही. मध्य आला. त्याने ब्रेक दाबला.

पिवळीची शेपटी सुटली. इशारा नाही, आढेवेढे नाहीत. ज्या हलकेपणाने तिने त्याला शीळ घालायला लावली होती, त्याच हलकेपणाने ती फिरली. जग एकदा डावीकडून उजवीकडे वाहत गेलं: कातळ, रस्ता, कठडा, पोकळी, पुन्हा कातळ. त्याने स्टिअरिंग उलट फिरवलं, हातांना आठवत होतं तसं, आणि गाडी आल्या दिशेला तोंड करून रस्त्याच्या मधोमध थांबली. तो आरशात बघायला धजेना. मग बघितलं. आरशात नुसता कठडा होता, आठ-दहा पावलांवर. समोर, कातळाच्या वर, बायको दोन्ही हातांनी कापड छातीशी धरून उभी होती.

गाडी कडेला घ्यायला त्याला तीनदा क्लच दाबावा लागला. बावीस वर्षं गाड्या तपासणाऱ्याची ही गत. आणि उद्यापासून यात त्याची लेक बसणार होती, जिला गाडी चालवायला लागून दोन वर्षं झाली होती.

बायको येऊन बसल्यावर त्याने फोन लावला. पलीकडे कवळ्या घासायच्या चाकाचा बारीक कर्र आवाज येत होता.

"पिवळी घेऊ नकोस," तो म्हणाला. "आत्ता मारली मी तिसरी फेरी. शेपटी सोडते."

"आत्ता? बाबा, ती तर तू गेल्या महिन्यात मारलीस."

"नव्हती मारली."

चाकाचा आवाज बंद झाला. "छापलंयस तू."

"छापलं. गेले अकरा महिने छापतोय. एकही मारलेली नाही. मी घाबरलो होतो. आई त्या गाडीखाली... सांगतो नंतर. पण नव्हती मारली."

ती ओरडेल, रडेल, फोन आपटेल, अशी तयारी त्याने मनाशी केली होती. तिने विचारलं ते भलतंच.

"निळीची?"

"काय?"

"त्याच पानावरची निळी. तिची मारली होतीस?"

"नाही."

"बाबा," तिचा आवाज चिरकला, "शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणीने निळी घेतलीय. तीन आठवडे झाले. बेस. मी तुझं पान कापून तिच्या हातात दिलं. तिला म्हटलं, 'डोळे मिटून घे, माझ्या बाबाने तिसरी फेरी मारलीय.' ती मागे दोन पोरं बसवते रोज."

बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला. "तिला म्हणावं, आजच्या आज गाडी घेऊन वळणावर ये. मुलांना आणू नकोस. आणि तू पण ये."

दुपारी एक वाजता निळी आली. मैत्रीण गाडीतून उतरली आणि तिने त्याच्याकडे बघितलंही नाही; चावी बॉनेटवर ठेवली आणि कातळाकडे निघून गेली. लेक जरा थांबली. तिच्या हाताला प्लास्टरची पांढरी धूळ होती.

"मारता येईल तुला?" तिने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. तिच्याशी इतकं खरं तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

तिने आईच्या हातून कापड घेतलं आणि तीच वर चढली.

निळी टिकली. नाक खाली घालून, टायर किंचाळवत, पण सरळ रेषेत थांबली. वळणावरचं मांजर निघालं खरं, पण चार पायांवर उभं राहणारं. मैत्रीण कातळावर मटकन खाली बसली. दहापैकी दार उघडून उतरला आणि रस्त्याच्या कडेला वाकून ओकला. सुटल्याचा आनंद वगैरे त्याला काही झाला नाही. त्याच्या डोक्यात एकच चालू होतं: तेहतिसातल्या दोन झाल्या. एकतीस बाकी आहेत, आणि सात पिवळ्या कुठल्या तरी सात दारांत उभ्या आहेत.

संध्याकाळी तो संपादकबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "माफीचं पान पहिलं जाईल, तुमच्या नावासकट," त्या म्हणाल्या. "पिवळीवाल्या सात जणांना तुम्ही स्वतः फोन करायचा, आजच. आणि एकतीस फेऱ्या होईपर्यंत नवीन गाडी नाही. तुम्हाला पुढे ठेवायचं की नाही, ते नंतर बघू." सातांपैकी सहा जण त्याला नाही नाही ते बोलले. सातव्या बाई फक्त म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि तेच त्याला सगळ्यात झोंबलं.

त्या महिन्याच्या अंकात माफी आली, आणि खाली एकतीस गाड्यांची यादी: यांची तिसरी फेरी झालेली नाही, आधीचे गुण धरू नका. पुढच्या अंकांत यादी तीन-तीनने आखडत गेली. प्रत्येक वेळी कातळावर दोघींपैकी एक असे, आणि प्रत्येक वेळी तो वळणाआधी गाडी थांबवून दोन मिनिटं नुसता बसे. भीती एक टक्काही कमी झाली नाही. लेक अजून बसनेच जाते. कुठली गाडी घ्यायची, हे तिने त्याला पुन्हा विचारलेलं नाही, आणि त्यानेही सुचवलेलं नाही.

पानाच्या तळाशी मात्र त्याने आपलं वाक्य बदललं. संपादकबाईंनी मधले शब्द खोडले होते. त्याने ते हाताने पुन्हा लिहून पाठवले. आता तिथे असं छापून येतं: 'तिसरी फेरी मी मारली आहे. घाबरत मारली आहे. तुम्ही मारू नका.'